निरभ्र रात्रीचें हिंव

पौष महिना लागला कीं दरवर्षीं एक वार्ता महाराष्ट्रांत ठराविक वेळीं येते. ‘महाबळेश्वरीं बर्फ पडला’ ही ती वार्ता. वृत्तपत्रें ती छापतात, भ्रमणध्वनीवर तिचीं छायाचित्रें घरोघर फिरतात, आणि ज्या कुटुंबांत चार मुलें व एक मोटार आहे त्या कुटुंबांत त्याच सायंकाळीं प्रवासाचे बेत सुरू होतात. सोलापुरासारख्या गांवीं, जेथें वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जाऊन बसतो व उतरण्याचें नांव घेत नाहीं, तेथें या वार्तेचें अप्रूप अधिकच. आमचा या उत्साहाशीं कांहीं तंटा नाहीं. ज्या शब्दानें ही वार्ता येते त्या शब्दाशीं मात्र आहे. तो केवळ वैयाकरणाचा हट्ट आहे असें कोणीं समजूं नये. त्या शब्दाच्या पोटीं जें ज्ञान आहे तें मळ्यांत, गोठ्यांत व अंगणांत उपयोगी पडणारें आहे, आणि तेंच या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या घरांतील एका सात-आठ वर्षांच्या मुलानें तीं छायाचित्रें पाहून विचारलें, “आजोबा, आकाश तर निळेंशार दिसतंय. ढग एकसुद्धां नाहीं. मग बर्फ पडला कुठून?” घरांतील मंडळी हंसली. पस्तीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यावर आम्हांस एवढें कळलें आहे कीं, ज्या प्रश्नाला मोठीं माणसें हंसतात तो प्रश्न बहुधा नीट विचारलेला असतो. याहि प्रश्नांत सगळें मर्म होतें.

गोठलेलें पाणी निसर्गांतून आपल्या भेटीस मुख्यतः तीन रूपांनीं येतें, आणि तिन्ही रूपांस आपण सरसकट ‘बर्फ’ म्हणून मोकळे होतों. पहिली गार. ती उंच ढगांत जन्मते, वर-खालीं झोके घेत अंगावर थर चढवून घेते आणि जड झाली कीं कोसळते. तिला जमिनीवर थंडी लागत नाहीं. उलट तापलेल्या भूमीवरून वेगानें वर चढणारी हवा लागते. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांतील गारपीट आमच्या जिल्ह्यांतील शेतकरी अद्याप विसरलेला नाहीं. दुसरें हिम. तेंहि ढगांतूनच येतें, परंतु गारेसारखें आदळत नाहीं. वाफेचे सूक्ष्म षट्कोनी स्फटिक एकमेकांत गुंतून पिंजलेल्या कापसाच्या पुंजक्यांप्रमाणें सावकाश खालीं उतरतात. तिसरें दहिंवर. हें कोठूनहि पडत नाहीं. जेथें दिसतें तेथेंच तें जन्मतें. पहिल्या दोहोंस ढग अवश्य पाहिजे, तिसऱ्यास ढग मुळींच खपत नाहीं. महाबळेश्वरचें जें शुभ्र वैभव तें या तिसऱ्या जातीचें आहे. ज्या रात्रीं तें दिसतें त्या रात्रीं हिम पडणें शक्यच नसतें, कारण आकाश निरभ्र असतें. मुलाचा प्रश्न असा बिनचूक होता.

मग महाराष्ट्रांत खरें हिम कधींच कां पडत नाहीं? याचें उत्तर उंचीच्या हिशेबांत आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारें १५०० फूट उंच, महाबळेश्वर सुमारें ४५०० फूट, आणि महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई तें ५४०० फूट. वर जावें तसतशी हवा साधारणपणें दर हजार फुटांस दोन अंशांनीं थंड होत जाते. परंतु आपल्या अक्षांशावर भर हिंवाळ्यांतहि हवेचें उष्णमान शून्यावर येण्यास तेरा-चौदा हजार फुटांच्याहि वर चढावें लागतें. ढगांतील स्फटिक तेथून निघाले तरी वाटेंत वितळून त्यांचा पाऊस होतो. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. मुंबईस सांताक्रूझ येथें २७ जानेवारी १९६२ रोजीं ७.४ अंशांची नोंद झाली. अशा दिवशींहि या शहरांत हिमाचा एक कण उतरला नाहीं. जमिनीलगतची थंडी ही एक गोष्ट, आणि मेघमंडळापासून जमिनीपर्यंत अखंड पसरलेली थंडी ही निराळी गोष्ट. हिमास दुसरी लागते. ती सिमल्यास मिळते, काश्मिरास मिळते, आपणांस नाहीं.

आतां दहिंवर कसें होतें तें पाहूं. आपण ‘दंव पडलें’ असें म्हणतों, पण दंव पडत नाहीं. विल्यम चार्ल्स वेल्स नांवाच्या लंडनमधील एका वैद्यानें रात्रीरात्रीं बागेंत लोकरीचे पुंजके मांडून व त्यांची वजनें करून हा विषय उलगडला आणि सन १८१४ मध्यें दंवावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याचा सारांश असा. दिवसां सूर्यापासून घेतलेली उष्णता पृथ्वी रात्रीं आकाशाकडे परत सोडीत असते. गवताचें पातें, झाडाचें पान, मोटारीचें छत हीं पातळ असतात. त्यांच्याजवळ उष्णतेचा सांठा थोडा, म्हणून तीं भोंवतालच्या हवेपेक्षांहि लौकर थंड होतात. त्यांस लागून असलेल्या हवेंतील वाफ मग त्यांच्या अंगावर थेंबरूपानें जमते. थंडी आणखी वाढली तर ते थेंब गोठतात. आणि हवा फारच कोरडी व गार असली तर वाफ पाणी न होतां थेट स्फटिकरूप धरते.

सोलापूरकरांस हें समजावून सांगण्यास दूरचा दृष्टांत नको. आपली सोलापुरी चादर उष्णता उत्पन्न करीत नाहीं. ती अंगांतील ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, एवढेंच तिचें काम. ढग ही पृथ्वीची चादर आहे. ढगाळ रात्रीं जमिनीनें सोडलेली उष्णता ढग अडवितात व कांहीं अंशीं परत पाठवितात, म्हणून तशी रात्र उबदार वाटते. निरभ्र रात्रीं पृथ्वी उघडी निजते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेंत ज्यांनीं होम मैदानावर रात्र काढली आहे, त्यांस ठाऊक आहे कीं मैदानावर हातपाय गारठतात, आणि त्याच घटकेस जुन्या पेठेंतील अरुंद बोळांत शिरावें तर थंडी निम्म्यानें उतरल्यासारखी वाटते. बोळांत दोन्ही बाजूंच्या भिंती आपली ऊब आपणांस देत असतात व आकाशाची केवळ एक चिंधी डोक्यावर दिसते. मैदानावर सगळें आकाश आपली ऊब ओढून घेत असतें.

या तत्त्वाचा उपयोग आपल्या देशांतील अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या कारागिरांनीं वेल्सच्या निबंधापूर्वींच केला होता. अलाहाबादेस, म्हणजे आतांच्या प्रयागराजास, हिंवाळ्यांत बर्फ तयार करीत. सर रॉबर्ट बार्कर यानें त्याचें वर्णन सन १७७५ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ठेविलें. उघड्या मैदानांत सुमारें दोन फूट खोल खड्डे खणावयाचे, तळाशीं उसाचीं चिपाडें किंवा मक्याचीं वाळलेलीं धाटें जाड पसरावयाचीं, आणि त्यांवर उकळून निवविलेल्या पाण्यानें भरलेलीं मातीचीं उथळ परळें रांगेनें मांडावयाचीं. चिपाडांमुळें जमिनीची ऊब परळांस पोंचत नसे, सच्छिद्र मातीतून पाझरलेलें पाणी उडून जातांना आणखी गारवा आणी, आणि वरून निरभ्र आकाश उरलेली उष्णता नेत असे. हवेचें उष्णमान शून्याच्या वर असतांहि पहाटे परळांत बर्फाची चकती तयार! ढग आले किंवा वारा सुटला कीं त्या रात्रीचे श्रम वायां जात. पुढें सन १८३३ मध्यें अमेरिकेंतील बॉस्टन बंदरांतून ‘टस्कनी’ नांवाचें जहाज तळ्यांतील बर्फ घेऊन कलकत्त्यास आलें, आणि कालांतरानें बर्फाचीं यंत्रें आलीं. परळांचा तो धंदा मागें पडला. परंतु त्या कारागिरांस आकाशाचा स्वभाव आपणांपेक्षां अधिक कळत होता, हें मान्य केलें पाहिजे.

हेंच तत्त्व घेऊन आतां महाबळेश्वरास चलावें. तेथें गेलेल्या चौकस माणसास एक गोष्ट खटकते. दहिंवर गांवाच्या बाजारपेठेंत क्वचित् दिसतें. तें दिसतें खालच्या बाजूस वेण्णा तलावाच्या कांठीं व लिंगमळ्याच्या परिसरांत. उंचावर थंडी अधिक असावयाची, मग सखल भागीं दहिंवर कां? याचें कारण, थंड हवा जड असते. शांत रात्रीं डोंगराच्या उतारावर गार झालेली हवा पाण्यासारखी ओघळत खालीं येते व सखल जागीं सांचून राहते. वेण्णेचा तलाव साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळांत सन १८४२ मध्यें झाला, त्यांत डोंगरावरचें पाणी सांठतें. पण निर्वात रात्रीं त्याच खोलगट भागांत डोंगरावरची थंडीहि सांठते, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नौकांच्या धक्क्याच्या फळ्या, उभ्या मोटारींचीं छतें, गवत व पानें तेवढीं पांढरीं होतात. तलावाचें पाणी गोठत नाहीं, कारण त्याच्याजवळ उष्णतेचा सांठा मोठा असतो.

यामुळेंच दरवर्षीं आणखी एक वाद माजतो. प्रवासी म्हणतात उष्णमान शून्यावर गेलें. वेधशाळेचा आंकडा त्याहून पुष्कळ अंशांनीं वर असतो. दोघेहि खरें बोलत असतात. वेधशाळेचा उष्णतामापक जमिनीपासून सुमारें चार फूट उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटींत, सावलींत टांगलेला असतो. आणि त्याची जागाहि तलावाच्या कांठीं नसते. तो हवेचें उष्णमान सांगतो, गवताच्या पात्याचें नव्हे. निरभ्र, निर्वात रात्रीं या दोहोंत चार-पांच अंशांचें अंतर सहज पडतें.

मग या दहिंवराचा हिमाशीं कांहींच संबंध नाहीं काय? आहे, आणि तो दूरचा पण निकट आहे. भूमध्यसमुद्राकडून हिंवाळ्यांत जे पश्चिमी झंझावात निघतात, ते इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयास थडकतात व काश्मीर-सिमल्याकडे हिम पाडतात. झंझावात पुढें सरकला कीं त्याच्या मागून कोरडा व गार उत्तरेचा वारा मैदानांत उतरतो, आकाश धुऊन निघतें, आणि दोन-चार दिवसांत त्या गारठ्याची लाट आपल्यापर्यंत येते. तेथें मेघांनीं हिम द्यावें आणि येथें निरभ्र आकाशानें दंव गोठवावें, असा हा जोडव्यवहार आहे. पुण्याच्या शिवाजीनगरांतील वेधशाळेच्या चौकास लोक आजहि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. भारतीय हवामान खात्याचें मुख्य ठाणें सन १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें, आणि सन १९४४ मध्यें तें दिल्लीस गेलें तरी पुण्यांतील चौकास हिमाच्या गांवाचें नांव चिकटून राहिलें. सिमल्याच्या हिमाची आणि आपल्या गारठ्याची सोयरीक त्या नांवांत नकळत जपली गेली आहे.

शब्दांविषयीं थोडें सांगितल्यावांचून आमच्यासारख्याची सुटका नाहीं. अमरसिंहानें आपल्या कोशाच्या दिग्वर्गांत अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय व मिहिका हीं सात नांवें एका रांगेंत बसविलीं आहेत. यावरून कोणी म्हणेल कीं आपल्या पूर्वजांसहि धुकें, दंव व हिम यांतील भेद कळत नव्हता. परंतु लगेच पुढें तो ‘हिमानी’ हा निराळा शब्द देतो व त्याचा अर्थ हिमाची रास असा सांगतो. व्याकरणांतहि त्याची व्यवस्था आहे. हिम व अरण्य या दोन शब्दांस विशालत्व दाखवावयाचें असतां कोणतें रूप करावें हें कात्यायनानें वार्तिकांत सांगून ठेविलें. म्हणून मोठें अरण्य ती अरण्यानी, आणि मोठें हिम ती हिमानी. चिमूटभर व पर्वतभर यांतला फरक ज्या भाषेनें प्रत्ययानें दाखविला, तिच्या लेकीनें मराठीनें दोहोंस एकच ‘बर्फ’ शब्द कां वापरावा? मराठीजवळ शब्द नाहीं असेंहि नाहीं. ‘दहिंवर’ हा आपल्या आजींच्या तोंडचा शब्द आहे. ‘हिंव’ आहे, आणि त्यावरूनच तर ‘हिंवाळा’. घरांतील मुलांस हे शब्द द्यावे. शब्द नेमका असला कीं डोळा नेमकें पाहूं लागतो.

तसें पाहण्याची गरज कोणास आहे तें आतां सांगतों. जी पहाट प्रवाशास पर्वणी वाटते, ती महाबळेश्वर-पांचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या मळेवाल्यास धास्तीची असते. पानाफुलांतील पाणी गोठलें कीं पेशी फुटतात आणि उन्हें वर आल्यावर पान होरपळल्यासारखें काळें पडतें. छायाचित्रासाठीं मळ्यांत शिरून वाफे तुडविणाऱ्या पाहुण्यांनीं एवढें मनांत आणावें कीं, ते ज्यावर हर्षानें हात फिरवीत आहेत तें दुसऱ्याच्या वर्षाच्या भाकरीवरचें संकट आहे. नाशिककडे निफाडच्या आणि आपल्याकडे पंढरपूरच्या बाजूच्या द्राक्षबागाईतदारासहि अशा रात्रीं स्वस्थ झोंप नसते. थंडी फार वाढली तर मण्यांची वाढ खुंटते. म्हणून सायंकाळीं बागेस पाणी देतात, कारण ओली जमीन उष्णतेचा सांठा अधिक धरते. आणि पहाटे बांधाच्या कडेनें शेकोट्या पेटवून ऊब व धूर करतात. हा धूर म्हणजे शेतकऱ्यानें आपल्या पिकावर पांघरलेला हातभर ढगच होय.

उलट, आपल्या जिल्ह्यांतील ज्वारीची कथा पाहा. मंगळवेढ्याच्या ज्वारीस सन २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. ती काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर वाढते, आणि तिला निरभ्र आकाश व बेताचा गारठा मानवतो. हरभऱ्यास व गव्हासहि तसेंच. मार्गशीर्षांत-पौषांत आभाळ भरून आलें कीं ज्वारीवर चिकटा पडतो आणि शेतकरी हवालदिल होतो. वेळ अमावास्येस शेतांत पंगत बसते, पुढें हुरडा भाजला जातो, त्या वेळीं पाहुणे म्हणतात, “काय हो ही थंडी!” आणि शेतकरी म्हणतो, “असूं द्या, पीक पोसतंय.” एकाच रात्रीच्या गारठ्यानें एकाचा मळा करपतो व दुसऱ्याचें कणीस भरतें. हवा चांगली कीं वाईट असें मोघम म्हणूं नये. कोणासाठीं, असें पुढें विचारावें.

शेवटीं माणसांकडे येऊं. आपल्या जिल्ह्यांत साखर कारखाने पुष्कळ. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत ऊसतोडीचीं कुटुंबें गाड्यांसह येतात व कारखान्यांच्या आसपास, रानाच्या कडेस कोपी घालून राहतात. पौषांतील निरभ्र रात्रीं त्यांचीं मुलें जमिनीवर निजतात. हातांत उष्णतामापक घेऊन पाहिलें तर सोलापुरास जानेवारींत पहाटे सरासरी पंधरा-सोळा अंश असतात. हा आंकडा ऐकून गादीवर निजणारा म्हणेल, ‘एवढी कांहीं थंडी नाहीं.’ परंतु तो आंकडा चार फुटांवरच्या पेटीचा. उघड्या आकाशाखालीं, जमिनीलगत, पातळ कपड्यांत निजलेल्या तान्ह्या मुलाचा हिशेब गवताच्या पात्याचा आहे. ज्यानें दहिंवर कसें होतें हें समजून घेतलें त्यास हेंहि समजलें पाहिजे कीं, त्या मुलावर एक साधें छप्पर असणें, खालीं चिपाडांचा वा गवताचा थर असणें आणि अंगावर एक जाड चादर असणें, यांनीं त्याची रात्र बदलते. परळाखालच्या चिपाडांनीं जमिनीची ऊब पाण्यास मिळूं दिली नाहीं. मुलाखालचीं चिपाडें त्याच्या अंगची ऊब जमिनीस मिळूं देणार नाहींत. विद्या तीच, उपयोग फिरवावयाचा.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या घरांतून हळदीकुंकवें होतात व वाण लुटलें जातें. बहुतेक वाण हल्लीं अशा वस्तूंचें असतें कीं त्या एका कपाटांतून निघून दुसऱ्या कपाटांत जातात. पौषांत पांघरुणाचें दान करण्याची चाल आपल्या वडिलांच्या काळीं पुष्कळ घरीं होती. तिच्या मुळाशीं असलेलें शास्त्र वर सांगितलें आहे. चार घरांतील गृहिणींनीं यंदा मिळून ठरविलें, तर वाणाच्या खर्चांतून पन्नास चादरी सहज निघतील, आणि चादर विणणारा तर आपल्याच गांवांत बसला आहे. महाबळेश्वरचें दहिंवर पाहण्यास अवश्य जावें. निसर्गाचें तें लेणें मुलांस दाखविण्याजोगें आहे. मात्र निघण्यापूर्वीं, वाटेवरच्या कोपींपैकीं एकींत एक पांघरूण पोंचतें करून मग पुढें जावें.